एकाच नावाच्या फायली

आये, तुझ्या नातीचं लग्न झालं. तू गेलीस तेव्हा ती बालवाडीत जात होती. आता न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कामाला आहे, आणि कंटेनरवाल्या ड्रायव्हरांशी फोनवर अशी भांडते की ऐकत राहावं. नवरा ऐरोलीचा, माझ्या ऑफिसच्या पलीकडच्या इमारतीत नोकरीला असतो, स्वभावाने शांत. एक गोष्ट मात्र तुला ठाऊक नाही. तुझ्यामागे काही वर्षांनी वहिनीही गेली. पोर तेव्हा दहावीला होती. पुढे दादाने आणि मी तिला वाढवलं. म्हणजे डबा मी करायचा आणि ओरडायचं त्याने. बोनकोड्यातलं आपलं घर पाडून त्याने चार मजले चढवलेत, वर भाडेकरू आहेत. स्वयंपाकघराला आता खिडकी आहे. तुला आवडली असती.

माझं काम काय असतं हे तुला कधी नीट सांगता आलं नाही. लोकांची कागदपत्रं स्कॅन होऊन माझ्यापुढे येतात, मी त्यांना नावं देते आणि जागच्या जागी ठेवते, पुन्हा मागितली की सापडतील अशी. घरच्या कॉम्प्युटरवर मात्र सगळा काला होता. दादाचे भाडेकरूंचे करार, सातबारे, पोरीच्या मार्कशीट, मी वाचायला घेतलेली आणि अर्धवट सोडलेली ई-पुस्तकं, आणि त्याच ढिगात तू. बारावी पास झाले तेव्हा तू मला टेपरेकॉर्डर आणून दिला होतास. त्यावर मी रेडिओवरची सिनेमाची गाणी भरायचे, आणि कॅसेट उरली की लग्नघरी तुझ्या पाठीशी बसून तू गायचीस ते धवले. त्या कॅसेटी मी मागे कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. कुठल्यातरी नायिकेचं गाणं मध्येच तुटतं, खरखर होते आणि तू सुरू होतेस. घाईत मी सगळ्यांना एकच नाव दिलं होतं, 'हळदीचा धवला'. धवलारीण म्हणून तुला अख्ख्या पट्ट्यात बोलावणं असायचं, पण माझ्या लेखी तू एकच गाणं पुन्हा पुन्हा म्हणत होतीस.

लग्न ठरलं तशी पोरगी म्हणाली, "आत्या, डीजे तर आहेच गं. पण हळद लावताना आजीचा धवला पाहिजे. स्पीकरवर लाव ना." म्हणून एका रविवारी दुपारी कॉम्प्युटर आवरायला बसले. गाण्यांचा प्रोग्रॅम पुस्तकांकडे बघत नाही आणि पुस्तकांचा गाण्यांकडे, हे तर माहीतच होतं. पण त्या दिवशी गाण्यांच्या प्रोग्रॅमने तुझ्या सगळ्या फायली एकाखाली एक मांडल्या आणि विचारलं, ही एकच वस्तू पुन्हा पुन्हा आलीय, जादाच्या काढून टाकू का? दादा मागे उभा होता. "सेम गानी हायत सगली," तो म्हणाला. "एक ठेव, बाकीची उडव. डिस्क फुल झालीय, लग्नाचे फोटो कुठं टाकू मी?" मी म्हटलं, आवाज कुठल्यात स्पष्ट आहे ते तरी बघू दे.

फाइल लावताना एक जुनी दुपार आठवली: तू पाटावर बसून कोलंबी सोलतेयस, तोंडाने धवला चाललाय, आणि मी समोर कागद घेऊन शब्द उतरवायला बसलेय. तू हात थांबवत नाहीस. "लिवतेस काय? आदी आईक. कागदावरचं गल्यात येत नाय." मी रागावून उठून गेले होते. त्या रविवारी पहिल्यांदा ऐकलं, एकामागून एक. चाल तीच, सुरुवात तीच, आणि मग प्रत्येक घरी तू वेगळी वळतेस. कुठे विहिरीचं पाणी, कुठे नळाचं. एका नवरीचा बाप बोटीवर, तर तू बोटीला किनाऱ्याला आणतेस. सगळीकडे पहिली हळद आई लावते. एका फायलीत मात्र आई येतच नाही. तिथे तू म्हणतेस, पहिली हळद आत्याची. मी कानावरचे हेडफोन काढले. दादाने विचारलं, "काय झालं?" मी त्याला ते पुन्हा लावून ऐकवलं. तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "काय उडवू नको."

तू म्हटलेली ओळ मागून ओढणारी शेजारची काकी अजून आहे. दात गेलेत, कान शाबूत. तिला फोनवर लावून ते ऐकवलं तशी ती हसायला लागली. "ही मिठागरावरची पोर. आय मेलेली तिची. तुजी आय दारात उभी ऱ्हायली, आत शिरंना. इचारलंन, 'पोरीला वाडवली कोनी?' आत्यानं, म्हनाले. मंग शिरली." मी विचारलं, हे आधी ठरलेलं असायचं का? "कुटं काय! आमीच चुकायचो मागं."

मग मी सगळी मांडणी बदलली. गाणी एकीकडे आणि कागद एकीकडे असं न ठेवता लग्नागणिक एक फोल्डर केला: त्यात तो धवला, ऐकून टाइप केलेले त्याचे शब्द, मिळाला तर घरातल्या कुणाकडून आणलेला फोटो. शब्दांचं एक ई-पुस्तकही केलं, टॅबवर मोठ्या अक्षरात वाचता येईल असं. ऑफिसात असं केलं तर साहेब ओरडेल. पण घरी सापडतं, आणि सापडलं की सगळं एकदम हाती लागतं.

तरी अडचण उरलीच. त्या धवल्यात मिठागरावरच्या पोरीचं नाव आहे, तिच्या गावाचं नाव आहे. आपल्या पोरीच्या हळदीला तो लावणार कसा? काकीला दम पुरत नव्हता, बाकीच्या बायकांना फक्त मागून ओढता येत होतं. पोरगी म्हणाली, "आत्या, मग तूच म्हण." मी हसले. ती हसली नाही.

हळदीच्या दिवशी गच्चीवर मांडव होता. डीजेवाल्याला दादाने जिन्यात नेऊन चहा पाजत बसवलं. मी टॅब मांडीवर ठेवला आणि पहिली ओळ इतकी वर उचलली की काकीने माझ्या पाठीवर थाप मारली, खाली ये म्हणून. खाली आले. मग बायका मागे धरू लागल्या. नळाचं पाणी आलं, बंदर आलं, कंटेनरही आला, तेव्हा पोरी खिदळल्या. आत्याची ओळ आली तेव्हा माझे हात हळदीने भरलेले होते आणि पोरीने माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. टॅबचा पडदा केव्हाच काळा झाला होता. तो चालू करायला मोकळा हात नव्हता. पुढचं जे तोंडात आलं ते म्हटलं. काही तुझं होतं, काही नव्हतं. दादा जिन्याच्या दारात येऊन उभा होता, नाक ओढत.

आता पोरगी ऐरोलीला सुखात आहे, रविवारी जेवायला येते. दादाने नवी डिस्क आणली, तुझ्या फायलींची एक प्रत त्याने स्वतः त्यात उतरवून कपाटात ठेवली. घणसोलीहून एकीने विचारलंय, आमच्याकडे म्हणाल का. हो म्हटलंय. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी बहुतेक पाठवलं नसतं, कारण मांडवातून उतरल्यावर सगळ्या जणी मला म्हणत होत्या, "आज आयची लय आठवन आली असंल ना?" आणि मी मान हलवत होते. आये, धवला सुरू झाला तेव्हापासून संपेपर्यंत मला तुझी एकदाही आठवण आली नाही.