क्लॅरिनेटवाल्या काकांची तबकडी

३ मार्च, मंगळवार

आमच्या रेकॉर्डप्रेमी मंडळातल्या, पोस्टात नोकरी करणाऱ्या बाईंचं उत्तर आलं.

परवा मंडळासाठी एका जुन्या जॅझ रेकॉर्डची प्रत करून ती कॉम्प्युटरवरच्या आमच्या सामायिक कप्प्यात टाकली होती. मंडळाचा नियमच आहे — दुर्मीळ रेकॉर्ड कोणी एकट्याने दाबून बसायचं नाही. ज्याला मिळेल त्याने प्रत करायची, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः ऐकायची आणि काय ऐकू आलं ते सोबत लिहायचं. ओरखडा कुठे आहे, कोणतं वाद्य कुठे शिरतं, कोण चुकतं. मंडळी प्रत नंतर ऐकतात, नोंद आधी वाचतात. मी लिहिलं होतं — "ड्रमवाला सिंबलला हातच लावत नाही. पितळी थाळी नुसती शोभेला." हे वाक्य मला आवडलं होतं!

बाई लिहितात, "अहो, सिंबल तर पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे. आणि तुमच्या प्रतीत तो कान कापतोय. घाईत होतात का?"

मी घाईत नव्हतो. मी कधीच घाईत नसतो.

४ मार्च, बुधवार

सुई बदलली. वायरी बदलल्या. जुनी सुई भिंगाखाली पाहिली — टोक शाबूत. रेकॉर्ड पुन्हा लावली. क्लॅरिनेट आहे, ट्रम्पेट आहे, बास आहे. थाळी नाही.

शेवटी ताईला बोलावलं.

"काय ऐकायचंय?"

"वरचं. अगदी बारीक. असेल काही तर."

तिने हेडफोन लावले आणि लगेच काढले. "केवढा मोठा ठेवलायस आवाज! आणि आहे की. वाळू चाळल्यासारखं चाललंय. त्याच्यापुढे दुसरं काही ऐकूच येत नाही." मग माझ्याकडे वळली. "तुला नाही येत?"

"येतं," मी म्हटलं.

५ मार्च, गुरुवार

आता उलगडतं आहे. गेलं वर्षभर मला प्रत्येक रेकॉर्ड मळकट वाटत होती, जाड कापडाआडून आल्यासारखी. म्हणून प्रत करताना वरचे सूर चढवत होतो. दर खेपेला थोडे जास्त. मंडळी म्हणायची, "हल्ली तुमच्या प्रती जरा किरकिऱ्या येतात." मी मनात म्हणायचो, यांचे स्पीकर फुटके.

रेकॉर्डी मळल्या नव्हत्या.

६ मार्च, शुक्रवार

बाबा हल्ली कोणी काहीही बोललं तरी "बरोबर आहे" म्हणतात. आज आई म्हणाली, "अहो, गॅस संपलाय." बाबा म्हणाले, "बरोबर आहे." ताई आणि आई हसल्या. मीही हसायला तोंड उघडलं आणि तसाच राहिलो.

बाबा डब्यांच्या कारखान्यात ज्या प्रेसवर होते, त्याच प्रेसवर मी आहे. आठवीनंतर शाळा सुटली आणि तिथे लागलो. पत्रा सरकवायचा, पायाने दाबायचं — धाड! डब्याचं झाकण खाली. दिवसभर धाड, धाड. सुटी झाली की कानात शिट्टी वाजते. मला वाटायचं सगळ्यांच्याच वाजते. आज फोरमनला सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कापूस कोंबत जा," तो म्हणाला. "आणि एवढं काय मनावर घेतोस? लग्न झालेल्याला बहिरेपण म्हणजे बोनस!"

"माझं लग्न झालेलं नाही."

"मग आधी लग्न कर, मग बहिरा हो. क्रम चुकवू नको."

सगळे हसले. निदान दिसले तरी हसताना.

७ मार्च, शनिवार

नेमकं आजच काका खाली आले.

क्लॅरिनेटवाले काका वरच्या मजल्यावर राहतात. एकेकाळी एका मोठ्या हॉटेलच्या बॅन्डमध्ये होते. शाळा सुटली त्या वर्षी मी जिन्यात बसलेलो असायचो, आणि त्यांच्या दारातून ते संगीत यायचं. एक दिवस दार उघडून म्हणाले, "फुकट ऐकतोस, तर नीट तरी ऐक. आत ये." तेव्हापासून ऐकतो आहे. माझ्याकडे जे काही आहे ते त्या दारातून आलं. मंडळातही त्यांनीच घातलं.

आज छातीशी एक चौकोनी पाकीट धरून आले. आत एक तबकडी. कारखान्यात छापलेली नव्हे — अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर काळा लेप आणि त्यात स्टुडिओमध्ये वाजवता वाजवता कोरलेली. अशी तबकडी एकच असते. दुसरी नसतेच. आणि लेप मऊ. सुई फिरली की दर वेळी थोडं गाणं खरवडून जातं. काकांच्या तबकडीचा लेप कडेला पापुद्र्यासारखा सुटायला लागला आहे.

"आमचं एवढंच रेकॉर्ड झालं," काका म्हणाले. "पियानोवाला गेला माझा. त्याच्या पोरीने बापाला कधी वाजवताना ऐकलेलं नाही. तिला द्यायचंय. फार तर एकदा वाजेल ही, लेका. दुसऱ्यांदा वाजेल असं धरून चालू नकोस."

"काका, दुसऱ्या कोणाला —"

"दुसरा कोण? माझे हात बघ." हात कापत होते. "आणि मंडळात तुझ्याएवढा कानाचा पक्का कोण आहे?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी विचारलं काय — "कोण कोण वाजवतंय यात?"

"ते मी कशाला सांगू? तू ऐकून लिही. नियम आहे ना आपला? आधी सांगितलं की कान आळशी होतात. तुझी नोंद मी चष्मा पुसून वाचणार आहे!"

पाकीट माझ्या कपाटात आहे. कपाटाला कुलूप आहे. किल्ली उशीखाली. छातीत धडधडतं आहे, ते मात्र व्यवस्थित ऐकू येतं.

९ मार्च, सोमवार

ताईने कानाच्या डॉक्टरांची वेळ घेऊन टाकली, मला न विचारता. पुढच्या सोमवारची. मी चिडलो.

"बाबाही असंच म्हणायचे," ती म्हणाली. "उद्या बघू, दिवाणखान्यात बसून ऐकू येतंय ना, मग कशाला. आता बघतोयस ना?"

"आधी तबकडी. मग डॉक्टर."

"तबकडी काय पळून चाललीय?"

लेप सुटतो आहे. पळूनच चालली आहे ती. पण खरं कारण ते नाही. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, की ते खरं होईल. मग मी कोणत्या तोंडाने सुई ठेवू?

१० मार्च, मंगळवार

भीती नीट मांडून ठेवतो, म्हणजे डोकं चालेल.

तबकडीच्या खाचेत कोणती सुई बसते हे मोजून कळत नाही, ऐकून कळतं. चुकीची सुई असली तर वरच्या सुरात एक खरखर येते. ती आली की तत्क्षणी सुई उचलायची. ती खरखर मला ऐकू आली नाही तर? मी समाधानाने बसून राहीन, आणि समोर पियानोवाल्याचा भुगा होत राहील.

बाईंना लिहिलं. स्वतःबद्दल नाही, फक्त तबकडीबद्दल. त्यांचं उत्तर: "वजन हलकं ठेवा. सर्वांत रुंद सुईने सुरुवात करा. आणि कृपा करून काहीही चढवू नका. जसं आहे तसं द्या." शेवटी लिहिलं होतं, "तब्येत बरी आहे ना?"

फार जपून विचारलं आहे. त्यांना कळलं असेल का?

११ मार्च, बुधवार

फोरमनला डोकं दुखतं म्हणून सांगितलं. रविवारपर्यंत सुटी. कानांना विश्रांती दिली तर परत येतील असं कुठेतरी वाचलं आहे. दोन्ही कानांत कापूस.

१२ मार्च, गुरुवार

काही ऐकलं नाही. मुद्दाम. आई कापूस बघून म्हणाली, "घरात एक कमी होता का?"

१३ मार्च, शुक्रवार

सकाळी कापूस काढला. शिट्टी नाही! नळाचं पाणी ऐकू आलं. खालच्या शिंप्याचं मशीन ऐकू आलं. वर्तमानपत्राचं पान उलटलं तर त्याची सळसळसुद्धा आली असं वाटलं. वाटलं की आली? आली. आली!

जिन्यात काका भेटले. "झालं का?" एवढंच विचारलं. "उद्या," म्हटलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो खांद्यावरही कापत होता.

१४ मार्च, शनिवार

झालं!

क्रमाने लिहितो. सकाळी घरातल्या सगळ्यांना बाहेर पाठवलं. पंखा बंद. खिडकी बंद. तबकडी मऊ ब्रशने झाडली, सुटलेल्या पापुद्र्याला बोट लागू दिलं नाही. रुंद सुई, हलकं वजन. रेकॉर्डिंग सुरू केलं, सुई ठेवली आणि श्वास धरला.

खरखर नाही.

क्लॅरिनेट आलं. काका! आवाज तरुण होता. क्लॅरिनेटला आवाज तरुण म्हणतात का माहीत नाही, पण होता. मग पियानो, जरा लाजत आलेला, खालच्या अंगाने बास. आणि त्यांच्यावर — मला खरं वाटेना — सिंबल. अगदी हलका. काठीने वाजवलेला नव्हे, तारांच्या ब्रशने थाळीवरून हात फिरवावा तसा. कुठेही तुटत नाही. एवढा संयमी ड्रमवाला मी आजवर ऐकला नाही. क्लॅरिनेट थांबतं, पियानो थांबतो, आणि तो एकटा लखलखत राहतो.

मधे एका ठिकाणी लेप उचलला गेला. सुई उडाली नाही. त्यावरून गेली. शेवटची खाच आली आणि मी जमिनीवर बसून रडलो.

काही चढवलं नाही. जसं आहे तसं ठेवलं. मग हेडफोनवर पुन्हा ऐकलं. सिंबल आहे. जागच्या जागी आहे. माझे कान आहेत!

१५ मार्च, रविवार

नोंद लिहायला सकाळ गेली. प्रत्येक शब्द शब्दकोशात तपासला. शेवटचं वाक्य — "ब्रशने वाजवलेला सिंबल सर्वांत शेवटी थांबतो, आणि थांबल्यावरही थांबला असं वाटत नाही." प्रत आणि नोंद दोन्ही कप्प्यात टाकली.

दुपारी बाईंचं आलं. "फार सुंदर प्रत. तुमच्या हातून झालेली सर्वोत्तम. पियानो ऐकून डोळे भरले. सिंबल मात्र मला सापडला नाही, पुन्हा शांतपणे ऐकते."

त्यांचंही वय झालं. मी काही बोलणार नाही. त्या माझ्याशी जपून वागल्या, मीही वागेन.

ताईला म्हटलं, उद्याची डॉक्टरांची वेळ रद्द कर. ती म्हणाली, "रद्द करणार नाही. वाटलं तर तू जाऊ नकोस." किती हट्टी!

संध्याकाळी काका प्रत घेऊन पियानोवाल्याच्या मुलीकडे जाऊन आले. तिने तीनदा लावली म्हणे. नोंद अजून वाचायची आहे, चष्मा तिच्याकडेच विसरले. उद्या आणतील.

१६ मार्च, सोमवार

काका सकाळीच खाली आले. पहाटेच चष्मा आणून नोंद वाचली होती. दारातच उभे राहिले. मग हळू म्हणाले, "अरे, त्या दुपारी आमचा ड्रमवाला आलाच नाही. आम्ही तिघांनीच वाजवलं. ड्रमसेट नव्हताच तिथे."

कॉम्प्युटर बंद आहे. हेडफोन खुंटीला आहेत. सिंबल चालू आहे.