दादाचा नवा प्रीॲम्प

रविवार, संध्याकाळ. आखाडा बाळापूर.

राग उतरतच नाही. पुण्याहून आलेल्या दादानं मला न विचारता टेप आणि स्पीकर चालवणाऱ्या पॉवर ॲम्पच्या मधे व्हॉल्व्हचा नवा प्रीॲम्प जोडला, आणि टेपवरचा बाबांचा गाण्याचा आवाज पातळ झाला. बाबा गेले, आता आवाज तेवढा उरलाय. तोही पातळ!

"टेपच खराब झाली, फेकून दे," दादा म्हणे. आणि स्वतःच फेकलीही! प्रीॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स जास्त, आपल्या पॉवर ॲम्पचा इनपुट इम्पिडन्स कमी, म्हणजे दोघांची जोडी जुळतच नाही, खर्ज गळणारच. आधी विचारलं काहून न्हाई?

कचऱ्यातून टेप काढली, जुना प्रीॲम्प लावला. बाबा खर्जात गायला लागले. आई उठून स्पीकरजवळ बसली.

"व्हय, आता बराबर वाजून राहिलं," दादा म्हणाला. जणू त्यानंच दुरुस्त केलं!

"बाबांना कचऱ्यात टाकलं होतंस तू," मी ओरडले.

तो निघाला. आईनं त्याला जेवून जा म्हटलं नाही.