महादेवाच्या पाण्यात नानांची नाणी

उमापूर,
वैशाखातली एक लांब दुपार

तीर्थरूप दादांस,

धाकटी बहीण शिवकन्या हिचा उमापूरहून वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनी बीपीची गोळी वेळेवर घेतात ना? आमच्याकडे सगळे कोरडे, पण खुशाल. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही "मुद्द्याचं बोल" म्हणता, आणि माझा मुद्दा जरा वळणावळणाने येतो.

तर मुद्दा नानांच्या नाण्यांचा आहे. नाना गेल्यावर तुम्हाला रान मिळालं, पुढे कारखान्याचं संचालकपद मिळालं आणि मला तो पत्र्याचा डबा मिळाला. माझ्या मते फायद्यात मीच राहिले. निजामाचे चारमिनारवाले रुपये, भोकाचे पैसे आणि ते एक तांब्याचं नाणं, ज्यावरचं नाव नानांनाही कधी लागलं नाही (तरी वाचता येतंय असा चेहरा करून बसायचे). आठवतं, मी सुट्टीत औरंगाबादच्या कॉन्व्हेंटातून घरी आले की ते ओसरीवर धोतराचा तुकडा पसरून सगळी नाणी मांडायचे? नाणं कडेने धरायचं, छापाला बोट लावायचं नाही, घामाचाही डाग पडतो. प्रत्येकाला कागदाचं वेगळं पाकीट, प्लास्टिकचं नाही. आणि घासायचं तर मुळीच नाही. घासलेलं नाणं म्हणजे आठवण गेलेला माणूस, असं ते म्हणायचे. (आमच्या ह्यांनी पतसंस्थेच्या वर्धापनदिनाला मिरवायला एक रुपया चिंचेने घासला होता. तो सोड्याच्या बाटलीच्या बिल्ल्यासारखा चकाकला. त्यानंतर कितीतरी दिवस मी ह्यांच्या आमटीत चिंच घातली नाही.) कॉन्व्हेंटातल्या आमच्या सिस्टर चांदीच्या चमच्यांच्या खणात खडू ठेवायच्या, ओल शोषून घेतो म्हणून. ती युक्ती मी डब्यात वापरली. आणि खरं सांगू? कुणाला बोलू नका, पण दुष्काळ नाण्यांना फार मानवला. सगळा तालुका आभाळाकडे डोळे लावून बसलेला आणि मी एकटी डबा उघडून बघते, तर हिरव्या डागाचा ठिपका नाही! पाऊस जरा उशिरानेच आला तर बरं, असंही एकदा मनात येऊन गेलं. देवाने नेमकं तेवढंच ऐकलं असावं.

कारण मग आसाराम गुरवाने महादेव कोंडायचं काढलं. तुम्ही माजलगावच्या धरणाशेजारी राहून विसरला असाल म्हणून सांगते. गाभाऱ्यातून पाणी जायच्या वाटेला बोळा मारायचा, घरटी एक घागर ओतायची आणि पिंड बुडवून ठेवायची. देव गुदमरला की पाऊस पाठवतो. शिखरावरून ओघळलेलं पाणी बाहेरच्या नंदीच्या पाठीवर पडलं की मगच बोळा काढायचा. त्या दिवशी मी बीडला डोळे दाखवायला गेले होते. आमच्या गल्लीत टँकर आलेला नव्हता, घरात पिण्यापुरतंच पाणी. माझी धाकटी जाऊ केसरबाई, तिला देवापुढे रिकाम्या हाताने जाववेना. तिने कपाटातला डबा काढला आणि घागरीच्या बदली नानांची नाणी ओंजळीओंजळीने गाभाऱ्यात सोडली. पाकिटं काढून. (पाकिटांना धक्का नाही. ती तिने घडी करून ठेवली आहेत.)

मी कपाळावर हात मारला, तर म्हणते, "अक्का, पानी न्हाई तर चांदी तरी. आन् तुमी खडू घालू घालू त्यायला लई सुकवलंतं. म्हनलं, जरा गार व्हतील."

आसारामाकडे गेले, तर तो केसरबाईच्याही वरचा. "बाई, नंदीची पाठ भिजल्याबिगर बोळा निघायचा न्हाई. मंत्र्याची नानी असली तरी न्हाई."

आता रोज दुपारी मी देवळाच्या पायरीवर जाऊन बसते. आत समईच्या उजेडात नाणी मासळीसारखी लुकलुकतात. वरून बेलाची पानं तरंगतात, कुणी दुधाची धार धरतं. ऊन चढलं की डोळे मिटतात आणि वाटतं, नाना तळाशी मांडी घालून बसलेत, चष्मा पुसताहेत, एकेक नाणं कडेने उचलून उजेडाकडे धरताहेत. ते म्हणतात, "शिवा, अजून लागत नाही गं नाव." मी दचकून जागी होते. तांबं तिथे हिरवं होत असेल, दादा. अजून थोडे दिवस गेले तर ते नाव कुणालाच कधी लागणार नाही. पावसाला भिणारी मी आता आरतीत सगळ्यांत मोठ्याने पाऊस मागते. बायका म्हणतात, कॉन्व्हेंटची असून किती श्रद्धा!

वहिनींना नमस्कार, नातवंडांना गोड पापा.

तुमची,
शिवकन्या

ता. क. : कारखाना उसावाचून बंद असला तरी त्याचे टँकर चालू आहेत असं कळलं. तुम्ही संचालक. एक टँकर इकडे पाठवून पाइप देवळाच्या शिखरावर धरायला सांगाल का? नंदीची पाठ भिजेल, आसारामाचा शब्दही राहील. पाणी आभाळातूनच आलं पाहिजे, असं रिवाजात कुठे सांगितलेलं नाही.

ता. क. : वरचं केसरबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "टँकर येनारच असंल तर शिखरावर कावून? देव गळ्याइतका भिजलाय, अक्का. हौदात सोडा की. कळश्या घिऊन बाया सकाळधरनं हुब्या हायेत." तिचं खरं आहे, दादा. टँकर हौदातच रिकामा करा. नाण्यांचं होईल ते होईल.

ता. क. : हौद देवळाला लागूनच आहे. ड्रायव्हरला एवढं सांगा, की पाइपात शेवटी जे पाणी उरतं, ते जाता जाता नंदीच्या पाठीवर झटकलं तरी चालेल. केसरबाई तेव्हा हौदाकडे तोंड करून रांगेत असेल, आणि आसारामही.