गवत संपू देऊ नका

आई,

छोटीच्या टॉन्सिल्सच्या ऑपरेशनला डॉक्टरांनी एकदम आजच बोलावलं, म्हणून आम्ही दोघं तिला घेऊन निघालोय. तुमचा डोळा लागला होता, उठवलं नाही. तसंही या गिनीपिगांवरून आपलं बोलणं बंदच आहे, म्हणून लिहून ठेवते.

भुरी आणि ठिपकी आज तुमच्यावर आहेत. सुकं गवत दिवसभर समोर हवं, नाहीतर त्यांचे दात वाढत जातात. गवताचं पोतं पिंजऱ्यामागेच आहे. पाण्याच्या नळीतून थेंब येतो का ते बोट लावून बघा. सिमला मिरचीचा एकेक तुकडा द्या. बिस्किट अजिबात नको, कितीही तोंड वासलं तरी. पिंजरा उन्हात सरकवू नका. भुरीने काल कमी खाल्लंय. दुपारपर्यंत तिने गवताला तोंड लावलं नाही, तर उद्यावर ढकलू नका, प्राण्यांच्या डॉक्टरांना बोलवा. नंबर फ्रिजवर चिकटवलाय.

तुम्ही म्हणाल, या उंदरांना मी हात लावणार नाही. बरं. पण रोज सकाळी पिंजऱ्यात कोथिंबिरीच्या काड्या असतात, त्या मी टाकत नाही. आणि तुमचा मुलगा तर स्वतःचा चहासुद्धा करून घेत नाही. मी जवळ गेले की दोघी कोपऱ्यात दडतात. तुमच्या चपला वाजल्या की शिट्ट्या मारायला लागतात.

संध्याकाळी फोन करीन. छोटीला बोलता येणार नाही, पण ऐकता येईल. माझ्याशी बोलू नका हवं तर. फोन फक्त पिंजऱ्यापाशी धरा आणि चपला घालून या.