काचेच्या कपाटातली आई

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. समोर असतीस तर पाय मागे घेतले असतेस, म्हणून पत्रातूनच घालतो. कागदावर कुणाला पाय मागे घेता येत नाहीत. भावजींचा गुडघा कसा आहे? त्यांनी सकाळचं पळणं सोडलं की गुडघ्यानंच त्यांना सोडलं? आमच्याकडे सगळं ठीक. म्हणजे माझी दाढ काढली, बायकोनं माझ्याशी बोलणं टाकलं आणि गेल्या आठवड्यात मी आईला घरी आणलं. शेवटचं वाचून घाबरू नकोस. आई गेली ती गेलीच. मी म्हणतोय ती संग्रहालयातली आई. पण हे मधूनच सांगून कळायचं नाही. पाण्याचा पेला जवळ घे आणि बस.

आमच्या संग्रहालयाची जन्मकथा तुला कुणी सांगितली होती का? (आमचं म्हणजे मी काही मालक नव्हे. जुन्या वस्तूंना कसर लागू नये म्हणून औषध लावत बसणारा मी माणूस, कसरवैद्य म्हण.) मूळ पुरुष बोटीवरचा डॉक्टर. बोट जिथे लागेल तिथून तो काहीतरी उचलून आणायचा. 'उचलून' हा शब्द मी विचार करून वापरलाय. पाट्यांवर 'भेट म्हणून मिळाले' असं लिहिलंय, पण देणाऱ्याला कुणी विचारलं होतं की नाही, ते पाटीला काय माहीत! मुखवटे आले, हाडाचे गळ आले, ढोल आले, पाळणे आले, कुणाच्या तरी घराचं आख्खं दार आलं (घर मागेच राहिलं, ते लोक थंडीत काय करत असतील याचा विचार मला अधूनमधून छळतो). शेवटी जेवणघरात एक होडी आली तेव्हा डॉक्टरची बायको माहेरी निघून गेली. तिच्या जागेत त्यानं आणखी भाले मांडले. तो वारल्यावर त्या घराचंच संग्रहालय झालं. एवढ्या माणसांच्या वस्तू गोळा करायच्या नादात घरचं एक माणूस हातचं गेलं, हे मात्र कुठल्या पाटीवर नाही.

पुढे कुणाच्या तरी डोक्यात आलं की नुसत्या वस्तू बघून लोक जांभया देतात, माणसं पाहिजेत. म्हणून ते काचेचं मोठं कपाट, 'डोंगरवासी कुटुंब'. मूर्तिकाराला डोंगरापर्यंत पाठवायची ऐपत नव्हती, तेव्हा त्यानं हाताशी असलेली माणसं घेतली. शिकारी म्हणून आपला पहारेकरी (झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारा), म्हातारा मांत्रिक म्हणून हिशेबनीस, आणि मुलीचे केस विंचरणारी बाई म्हणून आई, कारण ती मागच्या खोलीत जुनी वस्त्रं रफू करत बसायची आणि तिला 'हलू नका' म्हटलं तर हलायची नाही. मुलगी म्हणजे तू. शाळा सुटली की तू तिथेच यायचीस. तोंडावर ओलं प्लास्टर, नाकात नळ्या, आणि नेमकी तुला शिंक आली! त्या डोंगरकन्येची डावी नाकपुडी अजून फेंदारलेली आहे. मी तेव्हा पाळण्यात होतो (घरच्या, प्रदर्शनातल्या नव्हे), म्हणून वंशपरंपरेनं त्या कपाटात मला जागा मिळाली नाही. याचं मला बरीच वर्षं वाईट वाटायचं.

तू रागावून घर सोडलंस, त्यात चूक कुणाची, यात मी पडत नाही. दोघींच्या मध्ये पडून मी लहानपणी पुरेसा चेपलो आहे. एवढंच सांगतो की निवृत्त झाल्यावरही आई संग्रहालयात यायची आणि कपाटासमोरच्या बाकावर बसायची. मी चेष्टा करायचो, 'आलीस का स्वतःचं रूप बघायला?' ती हसायची. ती गेल्यावर एकदा मी सहज त्या बाकावर तिच्या जागी बसलो. ती कायम बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला बसायची, आणि ताई, तिथून आईचा चेहरा दिसतच नाही. खांब आड येतो. तिथून फक्त मुलगी दिसते.

असो. मूळ मुद्द्यावर येतो. पावसाळ्यापूर्वी आमच्याकडे खऱ्या डोंगरातून एक शिक्षिका आल्या. त्या कपाटापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग संचालकबाईंना शांतपणे म्हणाल्या, 'ही माणसं आमची नाहीत. पण कपडे माझ्या आजीच्या गावचे आहेत. ते आम्हाला परत द्या.' आमच्या नव्या संचालकबाई सरळ मनाच्या आहेत. त्यांनी समिती बसवली, समिती उठवली आणि कपडे द्यायचं ठरवलं. शिवाय असं माणसांना भुसा भरून काचेत बसवणं हेच मुळात चुकीचं, म्हणून कपाट मोडायचं, पुतळे फोडायचे. मी बैठकीत मान डोलावली. अजूनही डोलावतो. कुणाच्या तरी लोकांची थट्टा व्हावी म्हणून आपली आई तिथे बसून राहावी असं मला वाटत नाही. पण 'पुतळे फोडायचे' हे ऐकल्यावर मी दाढ दुखते म्हणून रजा घेतली. (दाढ खरोखरच दुखत नव्हती. वैद्यबाईंनी तपासून तरीही एक काढली. दाढेवर खोटा आळ घेतला की फळ मिळतंच.)

कपडे उतरवायचं काम माझ्याच गळ्यात आलं, कारण जुनं वस्त्र मीच हाताळू शकतो. शिकाऱ्याचे उतरवले, मांत्रिकाचे उतरवले; आतून फळ्या आणि पेंढा. आईपाशी आलो आणि हात पुढे जाईना. शिक्षिका पेटी घेऊन शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, 'काय झालं? फाटतंय का?'

मी म्हटलं, 'नाही. ही माझी आई आहे.'

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग म्हणाल्या, 'तुम्ही सगळे भिंतीकडे तोंड करा.'

संचालकबाई, सुतार, पहारेकऱ्याचा मुलगा (आता तोच पहारेकरी आहे आणि झुरळांची भीतीही वारशात मिळाली आहे) आणि मी, आम्ही सगळे शाळेतल्यासारखे भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. मागे नुसता कापडाचा आवाज. वळायला सांगितलं तेव्हा आईच्या अंगावर त्यांची स्वतःची शाल होती, नीट गळ्यापर्यंत. त्यांनी ओढणीच्या काठावरचं एक रफू बोटानं चाचपलं आणि विचारलं, 'हे कुणी केलंय?' मी म्हटलं, हिनंच. त्या म्हणाल्या, 'चांगलं सांभाळलंय तिनं आमचं.' आणि शाल न घेताच गेल्या.

आई गेली त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी गप्प होतो, हे तुला फोनवर सांगितलंच होतं. पण सुतार घण घेऊन आला तेव्हा माझ्या तोंडून निघालं, 'हिला मी घरी नेतो.' संचालकबाई म्हणाल्या, न्या. प्रश्न असा झाला की एकटी आई निघेना. तिचा हात तुझ्या केसांत आहे आणि हाताच्या आतून एक लोखंडी सळई थेट तुझ्या डोक्यात गेली आहे. तेव्हा दोघी मिळून टेम्पोत. टेम्पोवाल्यानं विचारलं, 'फर्निचर का?' मी म्हटलं, 'नाही, घरची माणसं.' त्यानं भाडं कमी केलं, भीतीनं की दयेनं, ठाऊक नाही. जिन्यात तू उलटी, आई आडवी, सुतार वर आणि मी खाली. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडलं, आईचा चेहरा पाहिला आणि सवयीनं म्हणाल्या, 'अगं बाई, बऱ्या झाल्या का?' मग त्यांना आठवलं. मग त्यांना धरून बसवावं लागलं. त्या रडल्या, सुतार रडला (त्याचा आईशी काही संबंध नाही, तो हळवा आहे), मी पाणी आणायला पळालो.

आता दोघी मधल्या खोलीत आहेत. बायको म्हणते, एक तर ह्या राहतील नाही तर मी. खोली लहान, पाहुणे दचकतात, दिवा लावायला गेलं की तुझ्या नाकाला कोपर लागतं. मी काय करावं ते कळवावं. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. सुताराचं म्हणणं, मनगटापाशी सळई कापली तर दोन पुतळे वेगळे होतील. एक माझ्याकडे, एक तुझ्याकडे. वाटणी सोपी होईल. तुझं काय मत?

आणखी ता. क. तुझं मत यायच्या आत सुतार करवत घेऊन आला होता. मी त्याला चहा पाजून परत पाठवलं. तेव्हा मत कळवू नकोस.

शेवटचं ता. क. बायकोची तक्रार म्हणून वर लिहिलं ते सगळं खोटं आहे. ती रोज सकाळी दोघींच्या चेहऱ्यांवरची धूळ पुसते आणि माझ्याशी न बोलण्याचं कारण एवढंच, की मी त्या खोलीत पाऊल ठेवत नाही. आई गेल्यापासून मी रडलेलो नाही, ताई. बोलणं टाकण्याआधी बायको म्हणाली होती, माझ्याजवळ रड. पण आई तिची सासू होती. आपली आई होती अशी माणसं जगात दोनच आहेत. मला एकट्याला जमत नाहीये. तू ये.