चहाच्या घोटापुरतं गप्प

चिरंजीव धाकटीस थोरलीचे भरभरून आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. तुझे गुडघे कसे आहेत ते कळव (थोडक्यात कळव, मागच्या वेळी डाव्याचं वेगळं आणि उजव्याचं वेगळं ऐकलंय). पत्र सूनबाई लिहून घेतेय. सांगते तसंच लिही म्हणून दम भरलाय, तरी मधेच पेन थांबवून हसते. तेव्हा काही निसटलं तर दोष तिचा.

आपली चिंगी बोलताना अडखळते हे तुला ठाऊकच आहे. हल्ली तर माझ्या नातीचं असं झालं होतं, की फोन वाजला की आत पळायची आणि वर्गात तोंड मिटून बसायची. तिच्या शाळेत स्पीच थेरपीच्या एक बाई येतात. त्यांची रीत न्यारी. पोर खेळताना बोलते त्याचा व्हिडिओ काढायचा, अडखळलेलं कापून टाकायचं आणि सरळ बोललेले तुकडे जोडून तिचे तिलाच दाखवायचे. म्हणजे तिला पटतं, की हे बोलणारी दुसरी कुणी नाही, मीच आहे. (तुझ्या जावयाच्या भाषणांचं असं कुणी केलं तर किती सुटसुटीत होईल!)

बाई म्हणाल्या, घरचेही तुकडे हवेत. मुलगा आणि सूनबाई दिवसभर कामावर, म्हणून फोन माझ्या हाती आला. मला अक्षर येत नाही, पण लाल गोल दाबायला अक्षर कशाला लागतं? दप्तर भरताना, वेणी घालताना, मी आपली फोन धरून तिच्या मागे. पडद्यावर माझंच तोंड दिसायचं. मला वाटलं, व्हिडिओ कोण काढतंय त्याची ओळख दाखवत असेल. (हसू नकोस.)

शाळेत बाईंनी ते लावलं, तर चिंगी कुठेच नाही. नुसती मी, त्यातही बहुतेक नाकपुड्या. मागून पोरीचा आवाज, "मला प... प..." आणि पडद्यावरची मी लगेच, "पाणी ना? घे." ती म्हणते, "आज श..." की माझं सुरू, "शाळेत? काय झालं शाळेत? कुणी मारलं?" तिच्या प्रत्येक वाक्याचं शेपूट माझ्या तोंडातून निघतंय! बाईंनी तिला हळूच विचारलं, तुला तेव्हा पाणी हवं होतं का गं? तर म्हणाली, पेन्सिल. पण पाणी प्यायली होती, मुकाट्याने. धाकटे, ते पाणी माझ्याच घशात अडकलं बघ.

बाई रागावल्या नाहीत. पुढच्या खेपेला चिंगीशेजारी बसवून त्यांनी मला माझाच व्हिडिओ दाखवला. माझ्या गप्प बसण्याचे तुकडे शोधून जोडले होते. सगळे जोडूनही व्हिडिओ एक जांभई पुरी होईल एवढाही नव्हता. त्यात एकदा मी शिंकते आणि एकदा चहाचा मोठा घोट घेते. पण त्या घोटामागून चिंगीचा आवाज आला, "मांजर गच्चीवर चढलं आणि त्याला उतरताच येईना." अख्खं. कुठे म्हणून अडलं नाही. तिने ते पुन्हा लावायला लावलं, मग पुन्हा. मी म्हटलं, हे मांजर मला कधी सांगितलंस गं? तर म्हणते, "तू चहा पीत होतीस."

आता ती बोलायला लागली, की मी कवळी काढून वाटीत ठेवते. बोळक्या तोंडाचं कुणाला कळत नाही, त्यामुळे मोह होत नाही. पोर अजून अडते, आम्ही थांबतो. मुलगा तेवढ्यात छताकडे बघायचा, त्याला बजावलंय (कवळी लावून), पोरीकडे बघ, पंखा काही बोलत नाहीये.

घरात सगळ्यांची चौकशी केली म्हणून सांग.

तुझी थोरली

ता. क. खरं काम राहिलंच. रविवारी चिंगी तुला फोन करणार आहे, आपणहून, पहिल्यांदाच. तू माझीच बहीण, समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देणं तुझ्याही रक्तात नाही. तेव्हा फोन उचलण्याआधी तोंडात लवंग धर आणि तिचं बोलून होईस्तोवर दातसुद्धा उघडू नकोस. ती तुला विचारणार आहे, की (पुढची दीड ओळ खोडलेली)

पुन्हा ता. क. मला वाचता येत नाही, म्हणून पाकिटात घालण्याआधी पत्र चिंगीने मोठ्याने वाचून दाखवलं. थांबत थांबत, पण सगळं. कवळी वाटीतच होती. त्या ओळीपाशी आली आणि म्हणाली, "आ... आजी, हे मी विचारणार होते ना?" आणि आईच्या हातातलं पेन ओढून तिने ती ओळ गिरगटून टाकली. बरोबरच केलं. कागद उजेडासमोर धरून बघू नकोस, मी तुला ओळखते. रविवारी तिच्याकडूनच ऐक.