आमच्या यजमानांविषयी दोन शब्द

ती. ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार (गुडघे वगळून). भाऊजींचा खोकला हटला का? नव्या चष्म्याने तुला सुई ओवता येते, की अजून शेजारणीलाच हाक मारतेस? माझी तब्येत ठणठणीत आहे. पुस्तकबांधणीचं कामही भरपूर आहे. सध्या वाचनालयाची ऐंशी पुस्तकं पाठ मोडून आली आहेत (मोडली वाचकांनी, मी नव्हे). आता मुद्द्याचं. मध्यंतरी माझ्या तोंडून एक शब्द निसटला. त्याची हकीकत तिखटमीठ लावून कुणी तुझ्या कानावर घालण्याआधी मीच सांगते.

आमच्या जिन्याखाली घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ बसायचे, त्यांच्याविषयी तुला लिहिलंच असेल (नसेल तर ते मुद्दाम नव्हे). विधुर आहेत, मोजकं बोलतात. जिन्याखाली अकरा वर्षं काढल्यावर गेल्या महिन्यात त्यांनी समोरचा गाळा घेतला आणि गल्लीतल्या सगळ्यांना चहाला बोलावलं. सर्वांत जुनी शेजारीण म्हणून दोन शब्द बोलण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. समारंभात 'घड्याळवाले' म्हणणं बरं दिसेना. ज्यांनी बोलावलं, चहा पाजला ते यजमान, असं सरळ धरून मी उभी राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आमच्या यजमानांबद्दल मी काय बोलू? अकरा वर्षं रोज सकाळी यांचं तोंड बघूनच माझा दिवस सुरू होतो!"

खोलीत जी शांतता पसरली ती मला आदराची वाटली. म्हणून पुढे त्यांचा अबोलपणा, हळुवार हात, बिघडलेल्याला सांभाळून घेण्याची हातोटी वगैरेंचंही कौतुक केलं. शेवटी औषधांच्या दुकानातल्या वहिनींनी विचारलं, "अहो, उरकलंत कधी? आम्हाला पत्ताच नाही!" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. (हा शब्द मोठा फिरस्ता, ताई. मूळचा यज्ञ करणारा, पुढे घरधनी झाला, मग पाहुण्यांची सरबराई करू लागला आणि बायकांच्या तोंडी बसून नवरा होऊन गेला.) सावरायला म्हणून मी घाईघाईने म्हणाले, "छे हो, ते काही माझ्या एकटीचे यजमान नाहीत, इथल्या सगळ्यांचेच आहेत!" वहिनींच्या नवऱ्याला चहाचा ठसका लागला, तो घरी जाईपर्यंत थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच घड्याळवाले जिना चढून वर आले. पुठ्ठ्यांच्या ढिगाशेजारी उभं राहून त्यांनी विचारलं, "काल तुम्ही म्हणालात, ते चुकून का?"

"चुकूनच. शब्द चुकला."

"मग बरोबर शब्द कोणता होता?"

जन्मभर दुसऱ्यांचे शब्द शिवले, पण वेळेवर एक सापडेना. "सुचला की सांगा," ते म्हणाले. "मी समोरच आहे."

आठ दिवस मी शोधत होते. शेजारी म्हणावं, तर तेवढेच नव्हते. स्नेही म्हणावं, तर निमंत्रणपत्रिकेवरचं वाटे. ओळखीचे म्हटलं की माझी मलाच लाज वाटे. गल्लीतले लोक 'यजमान काय म्हणतात?' म्हणून छळत ते निराळंच. आणि खरं सांगू? सकाळी उतरताना जिन्याखालची रिकामी जागा दिसली की पायरी चुकल्यासारखं व्हायचं. नवव्या दिवशी हाताची खळ धुतली, रस्ता ओलांडला आणि त्यांना म्हटलं, "दुसरा शब्द मिळत नाही. आहे तोच राहू दे."

त्यांनी डोळ्याचं भिंग काढलं, पुसलं, परत लावलं, परत काढलं. मग म्हणाले, "बसा ना." ताई, चोपन्नाव्या वर्षी मी स्टुलावर बसून इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

तुझी,
धाकटी

ता. क. येत्या वीस तारखेला सकाळी अकरा वाजता नोंदणी कार्यालयात तीन साक्षीदार लागतात. त्यांतली एक तू. दादाला मात्र तूच सांग. माझ्या तोंडून पुन्हा काहीतरी भलतंच जाईल.

ता. क. २. हाक काय मारायची, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. काल दुकानाच्या दारातून 'अहो' म्हटलं, तर आतली चारही गिऱ्हाइकं वळली. 'ओ' मात्र आधी त्यांनीच दिली.